एका शब्दाला अर्धा मार्क

दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत पहिल्याच प्रश्नात एक लांबलचक शब्द देतात आणि त्याच्या अक्षरांतून चार शब्द काढून दाखवा म्हणतात. अट एवढीच, की प्रत्येक शब्द किमान तीन अक्षरी हवा. चार शब्दांना दोन मार्क, म्हणजे एका शब्दाला अर्धा. आता याच पेपरात इतर ठिकाणी मार्कासाठी काय काय करावं लागतं ते बघा. कवितेच्या रसग्रहणात कवीचं नाव लिहा, यमक सांगा, अलंकार ओळखा, मध्यवर्ती कल्पना मांडा. पत्रलेखनात पत्ता, तारीख, मायना जागच्या जागी सांभाळा. आणि इथं? 'इंटरनॅशनल' दिलाय, त्यातला टी-ई-एन टेन उचलला की अर्धा मार्क खिशात. तोच उलटा लिहिला, एन-ई-टी नेट, की पुरा एक.

माझ्या मते अख्ख्या पेपरात हा एकच प्रश्न सच्चा आहे. बाकीचे प्रश्न पोराला इंग्रजी येतं असं धरून काढलेले असतात. हा येत नाही असं धरून काढलाय. यात शब्दाचा अर्थ विचारत नाहीत, वाक्यात उपयोग करा म्हणत नाहीत, उच्चाराचा तर प्रश्नच नाही. आणि मराठवाड्यात बहुतेकांचं इंग्रजीशी नातं याच पातळीवरचं असतं. तोंडओळख आहे, येणं-जाणं नाही.

त्याला कारणंही आहेत. आमच्या आजोबांची पिढी निजामाच्या राज्यात उर्दूत शिकली. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा मोकळा झाला, पुढं शाळा मराठी झाल्या, इंग्रजी पाचवीत भेटायला लागली आणि ती पहिलीपासून यायला २००० साल उजाडलं. तोवर त्या सव्वीस अक्षरांपैकी बऱ्याच जणांना आम्ही घरची नावं ठेवून बसलो होतो. यफ, यल, यम, यन, यस, यक्स. लातूरचं स्पेलिंग विचारलं की आमच्याकडचं लेकरू आजही "यल, ए, टी, यू, आर" असं खणखणीत सांगतं. कागदावर यल आणि एल सारखेच दिसतात, हा या प्रश्नाचा आणखी एक मोठेपणा.

लातूर विभागीय मंडळाखाली लातूर, नांदेड आणि धाराशिव असे तीन जिल्हे येतात. यातल्या लातूर-नांदेडचं आपसात कशावर जमत नाही, ते पुढं सांगतो. पण 'इंटरनॅशनल' दिला की तिन्ही जिल्ह्यांतली लाखभर लेकरं टेन, नेट, टिन, नॉट हेच चार शब्द याच क्रमानं लिहितात अशी माझी पक्की समजूत आहे. पेपर तपासणाऱ्या सरांची मला फार काळजी वाटते. २०१०च्या सुमारास श्रीकर परदेशी नांदेडला जिल्हाधिकारी होते, तेव्हा कॉपीमुक्तीचा 'नांदेड पॅटर्न' राज्यभर गाजला होता. पण या प्रश्नापुढं भरारी पथकानं तरी काय करावं? एका वर्गात पंचवीस पोरांनी तेच चार शब्द लिहिले, तर त्यांनी एकमेकांचं बघितलं असं म्हणायचं की कुणीच कुणाचं बघितलं नाही असं म्हणायचं? दोन्ही म्हणणी सारखीच खरी वाटतात.

माझी बहीण लातूरला दिलेली. तिची मुलगी दोन वर्षांपूर्वी दहावीला होती, तेव्हा तिला या प्रश्नाचा नाद लागला. क्लासच्या सरांनी सांगितलं होतं की दिसेल त्या शब्दाचे तुकडे पाडायची सवय लावा. लातूरच्या लेकराला सर जे सांगतात ते ते करतं. शाहू कॉलेज आणि दयानंद कॉलेजच्या जमान्यापासून 'लातूर पॅटर्न' म्हणतात तो बराचसा हाच. सराव, पुन्हा सराव, आणि सराव झाला की त्याच्यावर परीक्षा. दहावी झाली, अकरावीला सायन्स घेतलं, उद्योग भवनाच्या गल्लीत नीटचे क्लास लागले, कृतिपत्रिका रद्दीत गेली, पण नाद काही सुटला नाही. एकदा तिनं कुठल्याशा शब्दातून 'टार्न' काढला. मी विचारलं, "म्हणजे गं काय?"

"मामा," ती म्हणाली, "प्रश्नात अर्थ विचारलाय का?"

एस या अक्षरावर तिचा विशेष जीव. शब्दात कुठं एस असला की रॅटचं रॅट्स, टेनचं टेन्स, एका दगडात दोन पक्षी. ही युक्ती लातूरच्या क्लासवाल्यांनी शोधली असं तिच्या वडलांचं म्हणणं आहे. प्रत्यक्षात अमेरिकेत १९३०च्या दशकातल्या मंदीत नोकरी गेलेल्या आल्फ्रेड बट्स नावाच्या आर्किटेक्टला ती आधीच कळली होती. हातात काम नाही म्हणून त्यानं वर्तमानपत्रं घेतली आणि कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजत बसला. त्या मोजणीतून जो खेळ निघाला त्याला १९४८ साली स्क्रॅबल हे नाव मिळालं. शंभर सोंगट्या, त्यात ई बारा, आणि एस मात्र चारच. नाहीतर सगळे लेकाचे अनेकवचनावर दिवस काढतील, हे त्यानं ओळखलं होतं. बेकारीत वर्तमानपत्र वाचणारे आमच्या नांदेडात चौकाचौकांत सापडतील. पण अक्षरं मोजायचं कुणाला सुचलं नाही. आपल्याकडं पेपर राजकारणासाठी वाचतात.

त्या बारा ईंचं महत्त्व भाचीनं मला एका सरकारी निर्णयावरून समजावलं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा आमच्याकडं लोक काय काय बोलत होते. हिनं स्पेलिंग घेतलं आणि चोवीस अक्षरं मोजून हरखली. मग दोन मिनिटांनी तोंड पाडून म्हणाली, "मामा, चोवीस अक्षरांत एक ई न्हाई. यू न्हाई, ओ न्हाई. निस्ते ए आणि दोन आय." म्हणजे एवढं मोठं शहर, पण त्यातून टेन निघत नाही की नेट निघत नाही. नामांतराच्या एवढ्या वादात ही बाजू कुणीच मांडली नव्हती.

मराठीत हा खेळ का नाही, असंही मी तिला विचारून बघितलं. अक्षरं हलवायला जावं तर काना, मात्रा, वेलांटी अंगाला चिकटून येतात. लातूर घ्या. ला, तू, र. त्यातून निघते फक्त तूर. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, मार्केट यार्डात आडतीच्या दुकानावर बसतात. त्यांना एवढंच पुरेसं वाटलं. "अजून काय काढायचंय त्याच्यातून?" म्हणाले.

गेल्या दिवाळीनंतर तिला नांदेडहून लातूरला सोडायला मी एसटीनं गेलो. रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर असा. आता त्याला ३६१ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणतात आणि जागोजागी इंग्रजी पाट्या लावल्यात. तिचं तिकीट अर्धं, कारण २०२३पासून एसटीत बायका-मुलींना निम्मं भाडं. अर्ध्या तिकिटात बसून अर्ध्या मार्काचे शब्द काढत ती निघाली. ओल्या भुईमुगाच्या शेंगा फोडाव्यात तशी ती पाट्या फोडत होती.

लोहा आलं. एल-ओ-एच-ए. "हेलो!" ती ओरडली. एच-ए-एल-ओ हेलो, म्हणजे देवाच्या फोटोत डोक्यामागं असतं ते तेजोवलय. पुढच्या सीटवरच्या बाबांनी लगेच खिशातून फोन काढला, बघितला आणि परत ठेवला. लोह्याच्या स्टँडवर ज्यानं उन्हात गाडीची वाट बघितली आहे त्याला इथं तेजोवलय निघतं हे सांगून पटणार नाही. पण अक्षरं तीच आहेत, एकही कमी-जास्त नाही.

अहमदपूरला घोळ झाला. आठ अक्षरं, चांगले तीन स्वर, आणि आठही एका शब्दात काही बसेनात. तोवर गाडीतल्या लोकांना काय चाललंय ते कळलं होतं. शेजारचे एक काका अहमदपूरचेच निघाले.

"आमच्या गावाचं काय निघालं, बाई?"

"काका, ड्रीम निघतंय."

"बरं हाय. अजून?"

"ड्रम."

"हां," काका म्हणाले, "ते खरं हाय. एक ड्रम घरावर, एक अंगणात, तवा कुठं आठ दिस निघतेत." गाडीत हशा झाला, पण तो जरा जपूनच. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. ज्यांनी तो उन्हाळा काढला त्यांच्यापुढं ड्रमवर फार विनोद करू नये.

चाकूरनं मात्र कमाल केली. सी-एच-ए-के-यू-आर. अक्षरं हलवली की सी-एच-यू-के-ए-आर, चुकर. हा डोंगराळ भागातला तित्तराच्या जातीचा पक्षी आहे आणि त्याचं नाव इंग्रजांनी आपल्याच चकोरावरून उचललेलं आहे. म्हणजे चाकूरच्या पाटीत चकोर दडून बसलाय, आणि चाकूरकर त्याच्याखाली उभं राहून लातूरच्या गाडीची वाट बघतात. एवढ्या सुंदर गोष्टीवर कंडक्टर फक्त "चाकूरवाले उतरा" म्हणाला.

आणि मग लातूर. हे तिनं मुद्दाम घरी जाईपर्यंत राखून ठेवलं होतं. दाजी दारातच होते. हातपाय धुवायच्या आत तिनं पाटीवर लिहून दाखवलं. एल-ए-टी-यू-आर. यू-एल-टी-आर-ए. अल्ट्रा.

दाजींनी ते तीनदा पडताळलं. प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून, वजनकाट्यावर माप बघतात तशा नजरेनं. मग माझ्याकडं वळले.

"पाव्हणं, लातूर म्हंजे अल्ट्रा. अक्षर हिकडचं तिकडं न्हाई. तुमच्या नांदेडाचं काय निघालं?"

इथं थोडं मागचं सांगायला पाहिजे. नांदेड आणि लातूर यांच्यात महसूल आयुक्तालय कुणाकडं जावं यावर वर्षानुवर्षं भांडण आहे. मुख्यमंत्री दोघांनीही दोन-दोन दिले. शंकरराव आणि अशोकराव चव्हाण आमचे, निलंगेकर आणि विलासराव त्यांचे. त्यामुळं तिथं बरोबरी. अशा दोन जिल्ह्यांत बहिणीचं लग्न झालं की जेवणाच्या ताटावरसुद्धा सीमावाद चालू राहतो. आणि त्या दिवशी माझ्या हातात काही नव्हतं, कारण नांदेडच्या सहा अक्षरांतून सहा अक्षरी शब्द निघत नाही. चार अक्षरी 'डीन' निघतो. मी म्हटलं, "डीन निघतो. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४पासून आमच्याकडं आहे. तुमची कॉलेजं त्याच्याखालीच येतात."

दाजी भाचीकडं वळले. "अजून काय निघतंय गं मामाच्या गावातून?"

"डी-ई-ए-डी," ती म्हणाली. रक्ताचं नातं असूनही म्हणाली.

त्या रात्री मी झोपलो नाही असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण उशिरा झोपलो. अख्खं नांदेड एका शब्दात मावत नसेल तर नांदेड ज्याच्या पोटात मावतं असा मोठा शब्द शोधायचा, असं ठरवलं. आणि सापडले की! दोन एन, दोन डी, एक ए, एक ई. 'अंडरस्टँडिंग' घ्या, सगळं नांदेड त्यात आहे. 'डिमांडिंग' घ्या, त्यातही आहे. सकाळी चहाबरोबर मी हे दोन्ही टाकले. समंजसपणा आमच्याकडं, आणि मागणी करायची धमकही आमच्याकडं. दाजींनी चहा खाली ठेवला, मुलीला हाक मारली, दोघं आत गेले आणि थोड्या वेळानं एक कागद घेऊन बाहेर आले. त्यावर दोन शब्द होते. 'डिफेंडंट' आणि 'अबँडन्ड'. दोन्हींत नांदेड पुरेपूर बसतं, मी मोजून पाहिलं. म्हणजे एक तर आम्ही प्रतिवादी, नाहीतर वाऱ्यावर सोडलेले. आयुक्तालयाचा वाद ज्यांना माहीत आहे त्यांना दोन्ही शब्द पटतील, पण दाजींच्या तोंडून ऐकायचे नव्हते.

मीही मग लातूरला पोटात घेतलेले शब्द काढले. 'ब्रूटल' आहे, 'रिच्युअल' आहे. दाजींना यांचं काही वाटलं नाही. 'लिटरेचर'नं तर ते खूशच झाले. शेवटी 'ट्यूटोरियल' निघाला आणि आम्ही सगळेच गप्प झालो, कारण खिडकीतून समोरच्या इमारतीवरचे पाच क्लासचे बोर्ड दिसत होते आणि इंग्रजी भाषेला हे आधीपासून माहीत होतं असं क्षणभर वाटून गेलं.

इथवरचा खेळ साधा होता. पुढं भाचीनं त्यात अकरावीचा अभ्यासक्रम घुसवला. उदगीरला एक टी जोडला की 'टर्जिड' होतो, म्हणजे पाणी पिऊन टम्म फुगलेली पेशी. देवणीला, गाई-बैलांच्या जातीसाठी नाव असलेल्या देवणीला, एक आय जोडला की 'आयोडीन'. औशाला एक एन जोडला की 'सॉना', आणि मे महिन्यात औशाला एनची गरजही पडत नाही. निलंग्याला तर काही जोडावंच लागत नाही. तीच सात अक्षरं फिरवली की 'अँजायनल' होतं, हृदयाच्या दुखण्याचं विशेषण. डॉक्टर व्हायला निघालेल्या लेकरांच्या जिल्ह्यात आणखी काय पाहिजे? शेजारच्या बीड जिल्ह्यातलं परळीही तसंच निघालं. पाचही अक्षरं सरळ 'एप्रिल'मध्ये जाऊन बसली.

मग तिनं भिंतीवरच्या आवर्तसारणीकडं बोट दाखवलं. आता गावाचं स्पेलिंग फक्त मूलद्रव्यांच्या चिन्हांत लिहायचं. अक्षरांचा क्रम हलवायचा नाही. मी म्हटलं, असं कुठलं गाव असणार? तर किनवट. के, आयएन, डब्ल्यू, एटी. पोटॅशियम, इंडियम, टंगस्टन, ॲस्टेटाइन. पास! भोकर: बीएच, ओ, के, एआर. बोहरियम, ऑक्सिजन, पोटॅशियम, आरगॉन. पास! नायगाव: सोडियम, आयोडीन, गॅलियम, ऑक्सिजन, नायट्रोजन. पास! हे तिन्ही तालुके नांदेड जिल्ह्यातले, हे मी मोठ्यानं सांगितलं. दाजींकडून एकटं निलंगा उतरलं: निकेल, लँथॅनम, नायट्रोजन, गॅलियम. तेही पास. रेणापूर शेवटच्या आरला अडकून नापास झालं, तेव्हा दाजींना खरंच वाईट वाटलं. तिथल्या रेणुकादेवीला त्यांचा नवस असतो.

पण जिल्ह्याची ठिकाणं दोन्ही नापास. लातूर 'लँथॅनम'नंतर टीवर बसतं, नांदेड सोडियम-निओडायमियमपर्यंत झकास जातं आणि 'ईडी'शी येऊन थांबतं. ईडीशी गाडं अडणं यात नांदेडचंच काही विशेष आहे असं नाही, असं म्हणून दाजींनी विषय मिटवला. तेवढा समजूतदारपणा त्यांच्यात आहे.

निकाल लागला तो बायोलॉजीत. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांना एकेक इंग्रजी अक्षर दिलेलं आहे. पुस्तकात आम्लं वीस, म्हणून सव्वीसातली सहा अक्षरं उरतात: बी, जे, ओ, यू, एक्स आणि झेड. आता नांदेड बघा. एन ॲस्पॅराजिन, ए ॲलॅनिन, परत एन, डी ॲस्पार्टिक आम्ल, ई ग्लुटामिक आम्ल, परत डी. सहाच्या सहा अक्षरं आम्लांची. नांदेड हे लिहिता येण्याजोगं पेप्टाइड आहे! आणि लातूर? एल चाललं, ए चाललं, टी चाललं, आर चाललं. यूपाशी गाडी थांबली. अल्ट्रातला सगळ्यात पुढचा यू, तोच नेमका आडवा आला.

त्या दिवशी मी लातूरहून निघालो तेव्हा मला स्टँडवर सोडायला दाजी आले नाहीत. आडतीवर सोयाबीनची आवक जास्त होती म्हणाले.

चार दिवसांनी रात्री अकराला त्यांचा फोन. "पाव्हणं, झोपलाव का? यूचं आम्ल हाय. सेलेनोसिस्टीन. एकविसावं. तुमच्या भाचीच्या सरांना विचारून घेतलंय." मी म्हटलं, अभ्यासक्रमात तर वीसच आहेत. ते म्हणाले, "आम्ही दहावी '२१ अपेक्षित' वाचून पास झालोत. एकविसावं धरायचंच असतं." फोनवर मागून भाचीचा आवाज आला की सिलॅबसच्या बाहेरचं आहे, मार्क मिळणार नाहीत. त्यावर बराच वेळ बापलेकीचं भांडण ऐकू येत राहिलं आणि बोलता बोलता तिनं सांगून टाकलं की नीटच्या उत्तरसूचीवर हरकत घ्यायची असली तर एका प्रश्नाला दोनशे रुपये भरावे लागतात.

दाजी दोनशे भरायला तयार आहेत. कुठं भरायचे तेवढं विचारायलेत.